कोरडा ओरखडा

मित्वल्लीनं सुरीचं टोक कपड्याला पुसलं आणि बहिणीच्या दाराला खांदा लावला. दार आतून दाबून धरलेलं होतं.

"गलिला, उघड. मी एकटाच आहे. गावच्या शेखची माणसं कालव्यापाशी थांबलीत."

दार किलकिलं झालं. दोन वर्षांच्या रिझ्कला तिनं पोटाशी घट्ट धरलं होतं.

"दादा, साऱ्या गावाची पोरं टोच. याला सोड."

"अगं, देवीची लस आहे ही. शहरातल्या डॉक्टरांनी महिनाभर शिकवलंय मला."

"शिकवणारच! दंडावर खूण झाली, की पाशाच्या फौजेला पुढं पोरं हुडकत हिंडायला नको. याच्या बापाला कसं नेलं, पाहिलंस ना?" तिला रडू फुटलं.

त्यानं पाहिलं होतं. एका दोराला बांधलेल्या चाळीस माणसांत मेहुणा शेवटून तिसरा होता. सीरियातल्या लढाईतून तो परतला नाही.

मित्वल्ली गावचा न्हावी, म्हणून टोचण्याचं काम त्याच्याकडे आलेलं. सकाळपासून एकवीस पोरं झाली होती. एकाला तर शेखच्या माणसांनी गव्हाच्या कोठीतून ओढून आणलं होतं. तेव्हाही तो थांबला नव्हता. इथं थांबला.

त्यानं लशीची कुपी उघडलीच नाही. कोरड्या सुरीनंच रिझ्कच्या दंडावर ओरखडा काढला.

"कुणी विचारलं तर हा दाखव. चार दिवसांत बुजेल, खूण राहणार नाही."

गलिलानं भावाचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. निघताना बळंबळं ओंजळभर खजूर त्याच्या झग्यात घातले.

तिसऱ्या वर्षी नदीचा पूर ओसरल्यावर देवीची साथ आली. टोचलेली पोरं कालव्यात डुंबत राहिली. रिझ्क अकरा दिवस फणफणला. शेवटचे तीन दिवस त्याला दिसतही नव्हतं. बाराव्या दिवशी मित्वल्लीनंच त्याला कबरीत उतरवलं.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर तो गलिलाकडे गेला. ती अंगणात डाळिंब्या सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

"तू माझं ऐकायला नको होतंस, दादा."

"तू रडत होतीस गं."

"रडू द्यायचंस. शिव्या दिल्या असत्या. वर्षभर तुझं तोंड पाहिलं नसतं. पण पुढं बोललेच असते ना?"

खाली बसून तोही डाळिंब्या सोलू लागला.

पुढच्या वसंतात तो पुन्हा दारोदार फिरला. कुंभारवाड्यातल्या एका तरण्या आईनं त्याचे पाय धरले. एकुलता एक आहे, म्हणाली. त्याच्या मेलेल्या भाच्याची शपथ घातली. मित्वल्लीनं शेखच्या माणसांना खूण केली. त्यांनी तान्ह्याचा दंड धरला. त्यानं कुपी उघडली, सुरी नीट बुडवली आणि टोचलं.

बाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. माणसं हसत पुढच्या घराकडे निघाली.

"चल रे मित्वल्ली, ऐकतोस काय!"

तो हलला नाही. ती दमेपर्यंत तिथंच उभा राहिला.