पाकोळीचं तोंड कुणीकडे

मावशीच्या दुकानात गोंदवून घेणं सोपं नव्हतं. सुई काय, सगळीकडे सारखीच टोचते. पण इथे सुईच्या आधी मावशी टोचायची.

"सिंह हवाय," खुर्चीतला गडी म्हणाला. व्यायामशाळेतून थेट आला होता, दंड खांबासारखे.

"कशाला?"

"ताकद म्हणून."

"ती दिसतेच आहे की. दिसणाऱ्या गोष्टीचं चित्र कशाला काढायचं? सिंह त्यानं काढावा, ज्याला भीती वाटते आणि तरी मागे हटायचं नाही. तू कुणाला घाबरतोस?"

गड्यानं एकदा दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "सासऱ्यांना."

"मग काढू. पण खांद्यामागे. सासऱ्यांना दिसायला नको."

पडद्यापलीकडे मावशीचा नवरा खुदकन हसला. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात तो घड्याळं दुरुस्त करायचा. रक्ताचा थेंब दिसला तरी त्याला घेरी यायची, म्हणून मधे जाड पडदा लावला होता. दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

भिंतीवरच्या एकेका चित्राचा अर्थ मावशीला तोंडपाठ होता, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. कवटी दहशतीची नव्हे. एक दिवस मरायचंय हे ज्याला विसरायचं नाही, त्याची. साप कात टाकतो, म्हणून तो नव्यानं सुरुवात करणाऱ्याचा. होकायंत्र वाट चुकलेल्याचं, पण चुकलो हे कबूल करणाऱ्याचं. गुलाब प्रेमाचा, मात्र काट्यांसकट. काटे नकोत म्हणणाऱ्याला ती सरळ समोरच्या फुलवाल्याकडे पाठवायची. फुलपाखरू मागणाऱ्या मुलींना विचारायची, सुरवंट होतीस ते दिवस आठवतात का? आणि कुणाला नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव हवं असेल, तर "पाच वर्षं संसार करून या, मग बघू." दोन जोडपी खरंच पाच वर्षांनी आली. एक बाई एकटीच आली, ती आभार मानायला.

या सगळ्यावर तिचा एक नियम होता. चित्राचा जांभळा छाप कातडीवर उमटवला की सुई लगेच सुरू करायची नाही. गिऱ्हाइकानं उठायचं, भिंतीवरच्या उंच आरशासमोर उभं राहायचं, हात खाली सोडायचा आणि मोठ्यानं सांगायचं, काय काढतोय आणि कशाला. लोक म्हणत, म्हातारीचं खूळ आहे. पन्नाशीच्या बाईला म्हातारी म्हणणाऱ्यांकडे मावशी लक्ष द्यायची नाही. पण ते खूळ नव्हतं. त्या नियमामागे एक चूक होती, आणि ती मावशीनं सख्ख्या नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वी ती याच दुकानात काम शिकत होती. तिचा दादा मालवाहू बोटीवर मेकॅनिक म्हणून दोन वर्षांसाठी निघाला होता. निघताना म्हणाला, माझ्या हातावर काहीतरी काढ, तुझं पहिलं काम माझ्यावर. तिनं पाकोळी काढली. पाकोळी कितीही लांब गेली तरी घरट्याकडे परत येते, म्हणून बोटीवरची माणसं ती हातावर मिरवतात. फक्त तिचं तोंड कोपराकडे हवं, काळजाकडे. दादाचा उजवा हात गादीवर आडवा होता, हिनं आपल्या खुर्चीतून जसं छान दिसलं तसा छाप लावला आणि दोन तास मान वर न करता काम केलं. दादा उठला, हात खाली सोडला, तेव्हा हिला चूक दिसली. पाकोळीची चोच बोटांकडे होती. ती येत नव्हती, निघाली होती.

दादा म्हणाला, "झकास." हिनं वर पट्टी बांधून टाकली.

दोन वर्षांसाठी गेलेला माणूस एकतीस वर्षं फिरत राहिला. मधे चार वेळा येऊन गेला, पण आठवड्यापलीकडे टिकला नाही. लोक म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. मावशी मनात म्हणायची, पायाला नाही, हाताला आहे, आणि ती मी लावलीय.

आता दादा निवृत्त होऊन आला होता. गुडघा धरलेला, केस पांढरे. वरच्या मजल्यावरची खोली मावशीनं त्याच्यासाठी झाडून पुसून ठेवली होती. पण तिकडच्या एका बंदरावर कुणा मित्रानं त्याला गोदाम सांभाळायचं काम देऊ केलं होतं, आणि शनिवारच्या दुपारचं विमानाचं तिकीट त्याच्या खिशात होतं. जायचं की राहायचं ते अजून ठरत नव्हतं. बॅग पलंगाशी तशीच अर्धी उघडी पडली होती, आणि रोज चहा द्यायला गेली की मावशी आधी त्या बॅगेकडे बघायची.

शुक्रवारी तिनं दुपारीच दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दादाला खुर्चीत बसवलं.

"पाकोळी फिकी पडलीय. जरा नीट करून देते."

नीट कसली. तिनं रात्री बसून मोठा गर्द गुलाब रेखाटला होता. जुनं चित्र झाकायचं तर नवं त्याच्या तिप्पट आणि जास्त काळं लागतं. गुलाबाखाली जुनी पाकोळी पार बुडणार होती आणि वर एक नवी बसणार होती, कोपराकडे तोंड केलेली. एकदा ती पाकोळी वळली की दादा राहतो, याबद्दल मावशीला तिळमात्र शंका नव्हती. तिनं हात पुसला, छाप लावला, कागद सोलून काढला.

"ऊठ," ती सवयीनं म्हणाली. "आरशासमोर उभा राहा. हात खाली सोड. काय आहे आणि कशाला, मोठ्यानं सांग."

दादा उठला. आरशात बघून म्हणाला, "गुलाब आहे. वर पाकोळी आहे. कशाला ते मी काय सांगू? मी कुठे मागितलाय?"

मावशीनं हातातला कागद चुरगळला. पडद्यामागची खुडबुड थांबली.

"दादा," ती म्हणाली, "तुझी पाकोळी मी उलटी काढली होती. तिचं तोंड घराकडे हवं होतं. मी बघितलं आणि घाबरून गप्प बसले. म्हणून तू परत आला नाहीस. आता शनिवारच्या आत मला ती वळवायचीय."

दादा गिऱ्हाइकांच्या लांब खुर्चीवर उताणा आडवा झाला आणि उजवा हात दुमडून छातीवर ठेवला.

"बोटीवरचा पलंग म्हणजे नुसती फळी. कूस बदलली की खाली. एकतीस वर्षं मी असा झोपलोय. बघ आता जुनीचं तोंड कुणीकडे आहे."

मावशी वाकली. गुलाबाच्या जांभळ्या रेषांखालून जुन्या पाकोळीची चोच नेमकी डाव्या छातीवर टेकत होती, काळजावर.

"मला वाटलं, तू मुद्दाम तशी काढलीस," दादा म्हणाला. "बाकीच्यांच्या पाकोळ्या जागेपणी घरी येतात, माझी झोपल्यावर. केवढी फुशारकी मारली मी तिकडे. दोघांनी माझी बघून तशीच काढून घेतली."

मावशीला हसू आलं आणि रागही आला. एकतीस वर्षं उगाच जीव जाळला. "मग आला का नाहीस रे?"

दादा उठून बसला. "दोन वर्षं झाली तेव्हा फोन केला होता. म्हणालो, कंपनी आणखी ठेवून घेतेय, काय करू? तू म्हणालीस, तुझ्या मनाला येईल ते कर. नंतरही दर वेळी तेच. बाबांचं आणि माझं पटत नव्हतं, ते सोड. पण तू एकदा 'ये' म्हणाली असतीस ना छोटे, तर पुढच्या बोटीनं आलो असतो. मला वाटलं, तुलाच नकोय."

मावशी स्टुलावर बसली. खरं होतं ते. पाकोळीनं ठरवून टाकलंय, आता बोलून काय उपयोग, असं धरून ती बसली होती. आल्यागेल्या प्रत्येकाला मोठ्यानं बोलायला लावणारी बाई स्वतः एक शब्द बोलली नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही.

दादानं तिचा हात धरून तिला उठवलं आणि आरशासमोर उभं केलं.

"आता तू. हात खाली सोड. काय हवंय?"

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"आहेस. काय हवंय?"

"तू राहायला हवायस."

"कशाला?"

"वरच्या खोलीची खिडकी जड आहे, मला एकटीला उघडत नाही."

"ते सुतार बघेल. कशाला?"

मावशीनं आरशातून त्याच्याकडे बघितलं. "मला माझा भाऊ हवाय. एकतीस वर्षं रोज तुझी आठवण येते. जाऊ नकोस. ये."

पडद्यामागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"जावईबापू," दादानं हाक मारली, "तुम्हाला रक्ताशिवायही घेरी येते वाटतं." मग हात पुढे करून बहिणीला म्हणाला, "पूस हा गुलाब. काट्यांसकट."

छाप नुसता वरवरचा होता. ओल्या बोळ्यानं चार वेळा पुसल्यावर निघाला, आणि खाली फिकी पाकोळी होती तशी राहिली. मावशीनं तिला हात लावला नाही.

शनिवारी दुपारी विमान त्याच्या वेळेला सुटलं. मावशी चहा घेऊन वर गेली, तेव्हा बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली होती, जड खिडकी सताड उघडी होती, आणि दादा एवढ्या रुंद पलंगाच्या एका कडेला उताणा झोपला होता, उजवा हात छातीवर ठेवून.