कुत्र्याला चूळ भरता येत नाही

बांड्याच्या तोंडाला वास येतो, असं भगवंतानं ताटावर बसून सांगितलं, तेव्हा रत्नाबाईच्या हातातली पळी कालवणातच थांबली.

"मावशी, कुत्र्याला जरा लांब बांधा. घास उतरत नाही."

भगवंत साताऱ्याकडचा. तारापूरला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता, तिथं मजुरांची हजेरी घ्यायच्या कामाला लागलेला. जवळच्या दांडी गावात रत्नाबाईच्या पडवीत राहायचा, तिच्याच चुलीवरचं खायचा. माणूस वाईट नव्हता, पण जीभ कुठे आवरावी ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"बांड्याला बांधू? मग वलांडीच्या बांबूंवर सुकत घातलेले बोंबील तुमी राखणार काय? कावळा आला तर भुंकाल?"

"तसं नाही हो मावशी..."

"आणि वास कुठनं आला? रोज संध्याकाळी पुडीतनं गोड बिस्किटं कोण घालतो त्याला? जन्मभर सुक्या माशांची डोकी चावली त्यानं, दात कसे शिंपल्यासारखे होते. तुमच्या बिस्किटांचा चिकटा बसलाय त्यांच्यावर."

"प्रेमानं देतो मी."

"परेम बायकोवर करा. ती बिचारी साताऱ्यात बसलीय."

चुलीपाशी सून सुगंधा पदरात तोंड खुपसून हसली. भगवंतानं मान खाली घालून भात कालवला. रत्नाबाई बोलण्यात कुणाला हार जायची नाही, तशी ती आजही गेली नाही. पण जेवणं उरकल्यावर तिनं अंगणात जाऊन बांड्याचा ओठ वर केला.

दातांच्या मुळाशी पिवळट कवच चढलं होतं. हिरड्या लाल, सुजलेल्या, बोट लागताच रक्त. खालची एक दाढ हलत होती. चार-आठ दिवस तो बोंबलाचं डोकं नुसतं उलटंपालटं करून सोडून देत होता, ते तिनं पाहिलं होतं. माजलाय मेला, म्हणून शिवीही दिली होती. माजला नव्हता. दुखत होतं त्याला. ज्याचं तोंड मिटलं त्याचं खाणं तुटलं, आणि खाणं तुटलेलं कुत्रं पावसाळा बघत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशेरी लावायला बसली. तमाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची, डबीत भरायची. दांडीतल्या बायांची सकाळ त्याशिवाय उजाडत नसे. इतकी वर्षं झाली, रत्नाबाईच्या साऱ्या दाढा जागच्या जागी होत्या, आणि त्याचं श्रेय ती त्या डबीला द्यायची. तिनं बांड्याला गुडघ्यांत धरलं आणि चांगली चिमूटभर काळी भुकटी त्याच्या हिरड्यांवर चोळायला घेतली.

"आये, कुत्र्याला मशेरी?" सुगंधा घागर घेऊन उभीच राहिली.

"का? त्याचे दात काय दात नाय?"

"पण..."

"उमरोळीच्या शेतातनं आलीस, तू मला दातांचं शिकवू नको. आणि गावभर सांगत फिरू नको. घरातलं घरात."

दुसऱ्या कुणाचा हात असता तर बांड्यानं फोडला असता. हा हात तिचा होता, म्हणून तो डोळे मिटून सोसत राहिला. मग होड्या लागल्याची हाक आली, तशी तिनं पचकन थुंकून चूळ भरली, टोपली डोक्यावर घेतली आणि किनाऱ्यावर गेली.

परतली तर वलांडीपाशी माणसं गोळा झालेली. मध्ये बांड्या. तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या, अंग थरथरत होतं, मागचे पाय वाळूत फरपटत होते. शेजारचा दादू डोक्यावर वल्हं उगारून उभा होता. पडवीच्या कठड्यावर चढलेला भगवंत तिथूनच ओरडत होता, "पिसाळलाय! मारा त्याला! रोज माझा हात चाटतो हो, आता पोटात सुया घ्याव्या लागणार मला!"

"काकी, लांब हो," दादू म्हणाला. "एका फटक्यात सोडवतो."

रत्नाबाईनं टोपली तिथंच टाकली. मासळी वाळूत सांडली, तिकडे तिनं पाहिलंही नाही. फेसात एक काळी रेघ होती. ती तिनं पाहिली, आणि एका क्षणात सगळं उमगलं. माणूस मशेरी लावतो आणि थुंकतो. कुत्र्याला कुठलं थुंकणं आणि कुठली चूळ? सगळी तमाखू पोटात गेली होती.

"दादू, वल्हं खाली कर. नायतर तेच तुझ्या टाळक्यात घालीन."

"अगं चावेल तो!"

"चावू दे!"

ती वाळूत बसली. बांड्याचा जबडा तिनं दोन्ही हातांनी उघडला आणि साऱ्या गावादेखत आपला हात मनगटापर्यंत त्याच्या तोंडात घातला. कुणाची तरी किंकाळी निघाली. बांड्या चावला नाही. त्याला ओकारी आली, आणि तिच्या मांडीवर काळं, घाण पाणी भडभडून पडलं. त्याचा वास साऱ्यांच्या नाकात गेला. तो वास न ओळखणारं माणूस दांडीत नव्हतं.

"मशेरी!" दादू म्हणाला.

"हो, मशेरी. मीच लावली. पिसाळलाय म्हणे! तुमी सगळे पिसाळलात." मग तिची नजर सुनेवर गेली. "आणि तुझं तोंड शिवलं होतं काय गं? जीव जात होता त्याचा, तू बघत उभी?"

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज खाली आला नाही. "तुमीच सांगितलंत, घरातलं घरात. बोलले असते तर त्याबद्दल खाल्लं असतंत मला."

कोंडीत सापडली की रत्नाबाई आवाज चढवायची, तसा तिनं चढवला. "पाणी आण! विहिरीचं आण, आणि मऊ फडकं आण!"

मागे कुणीतरी म्हणालं, "काकी, उद्या त्याला पान पण खिलवशील."

"तुला खिलवीन, ये. वर चुना जास्त लावीन."

दुपारपर्यंत बांड्या तिच्या सावलीत पडून होता. ओकून ओकून रिकामा झाला, थरथर थांबली, मग मान उचलून पाणी प्याला. तिनं फडकं ओलं करून बोटाला गुंडाळलं आणि त्याच्या हिरड्यांच्या कडेनं हळूहळू पुसत गेली. मशेरी नाही, मीठ नाही, नुसतं पाणी. हलणारी दाढ फडक्यातच निघून आली. बांड्या एकदा कुंथला आणि गप्प झाला. कवच काही एका दिवसात सुटणारं नव्हतं.

भगवंत कठड्यावरून उतरून कडेकडेनं घरात चालला होता.

"ओ हजेरीवाले, इकडे या."

"काय मावशी?"

"उद्यापासून रोज सकाळी याचा जबडा तुमी धरायचा, दात मी पुसणार. बिस्किटं बंद. आणायचंच असेल तर सातपाटीच्या बाजारातनं सुकी डोकी आणा."

"मी? अहो, चावला तर?"

"मारा, मारा म्हणून वरडलात, ते त्यानं ऐकलंय," रत्नाबाई म्हणाली. "चावला तर त्याचा हक्क हाय. बसा खाली."