बदामचा कागद

श्रावणातली झड लागून आठवडा झाला होता. शेतात गुडघाभर पाणी, निंदणी थांबलेली. गंगीबाई चुलीजवळ बसून गोधडीचे शेवटचे टाके घालत होती. गोधडी दोन हात लांबीची, दीड वर्षाच्या पोरीला पुरेल एवढी. वरचा लाल तुकडा तिने आपल्या लग्नातल्या लुगड्याचा लावला होता.

"इतक्या लांब कोण नेणार ती?" तिचा नवरा वाहरू म्हणाला.

"शेठाणी पाठवेल कोणाबरोबर तरी," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

ही गोधडी बदामच्या मुलीसाठी होती. बदाम म्हणजे खांडबाऱ्याच्या हुकमीचंद शेठची लेक, पण अंगावर पाजली ती गंगीबाईने. अठरा वर्षांपूर्वी अशाच झडीत गंगीबाईची पहिली पोर आठव्या दिवशी गेली. त्याच आठवड्यात शेठच्या बायकोला, जडावबाईला, बाळंतपणानंतर ताप भरला आणि दूध आटलं. दोन्ही घरांची सुईण एकच, फुलीबाई. ती भिजत पाड्यावर आली आणि गंगीबाईच्या ओल्या झालेल्या चोळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल मन्हासंगे."

जडावबाईच्या सासूने आधी तिला अंघोळ करायला लावली, वेगळं लुगडं नेसायला दिलं आणि मागच्या ओट्यावर बसवलं. ते इवलंसं तोंड छातीला लागलं, तेव्हा गंगीबाईला पोर गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं. चौदा महिने ती रोज दीड कोस चालत गेली. पुढे तिला दोन मुलगे झाले, पण बदाम तिला 'गंगाय' म्हणायची, तशी हाक कोणी मारली नाही.

चौदाव्या वर्षी बदामचं लग्न झालं, मारवाडात, जोधपूरच्याही पुढे. स्टेशनावर सगळे शेठ लोक उभे होते, म्हणून गंगीबाई लांब पिंपळाखाली थांबली. बदामने खिडकीतून तिला पाहिलं आणि हात बाहेर काढला. गंगीबाई धावली. गाडी हलेपर्यंत पोरीने तिची बोटं सोडली नाहीत.

त्यानंतर दर बाजाराला गंगीबाई शेठच्या मागच्या दाराशी जायची. कधी रानातली करटुली न्यायची, कधी टेंभुर्णं. विचारणं एकच, पोरीचं पत्र आलं का.

"शेठाणी, बदामना कागद उना का?"

"उना. बरी शे ती. तुन्ही याद करस."

मग बदामला दिवस गेल्याचं कळलं. नंतर मुलगी झाल्याचं. नाव काय ठेवलं, असं गंगीबाईने विचारलं तेव्हा जडावबाई जरा थांबून म्हणाली, "सोहनी." सोहनीला दात आले, सोहनी रांगायला लागली, सोहनी भिंतीला धरून उभी राहते. ते सगळं ऐकून गंगीबाई घरी जायची आणि पाड्यावरच्या बायांना सांगायची.

गोधडी पुरी झाली त्या दिवशी बाजार नव्हता. पण पाऊस जरा उघडला, तशी ती निघाली. नाल्याला छातीएवढं पाणी होतं. गोधडी डोक्यावर धरून तिने तो पार केला.

मागचं दार बंद होतं म्हणून ती दुकानाकडून आली. गादीवर शेठचा धाकटा भाऊ इंदरमल बसला होता, नंदुरबारहून आलेला.

"काय व्हनं बाई?"

"सोहनीनी गोधडी लई उनू. बदामनी पोरनी."

इंदरमलने हातातली वही मिटली. "बदाम? ती गयी ना बाई. दीड वरीस व्हई गयं. बाळंतपणमा गयी. पोर बी नही वाचनी."

आतला पडदा हलला. जडावबाई दारात उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि गंगीबाईला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज उरली नाही.

"सगळास्ले माहीत व्हतं," जडावबाई हळू आवाजात म्हणाली. "मन्हाकडे देखीसन सगळा गप बठेत. तू एकलीच तिनं नाव लेस. तू इचारं का माले वाटे, ती शे."

दोन पावसाळे गंगीबाई हसत होती. भाताची आवणी करताना सोहनीच्या दातांच्या गोष्टी सांगत होती. होळीला नाचली होती.

"माले रडू बी नही दिधं," एवढंच ती म्हणाली आणि पावसात उतरली. गोधडी दुकानाच्या पायरीवरच राहिली.

पाड्यावर पोचल्यावर ती जी आडवी झाली, ती तीन दिवस उठली नाही. वाहरूने पेज करून दिली, ती तशीच राहिली. पुढचे दोन बाजार ती खांडबाऱ्याला गेली नाही.

पोळ्याच्या आदल्या दुपारी जडावबाई पाड्यावर आली. शेठच्या घरची बाई त्या वाटेने कधी चालली नव्हती. डोक्यावरची ओढणी भिजून चिकटली होती, दम लागला होता. गंगीबाईने तिला आत घेतलं, चुलीजवळ पोतं अंथरलं. मग चुलीत दोन काटक्या सारल्या.

"आते खरं सांग," गंगीबाई म्हणाली. "कशी गयी?"

जडावबाईने सांगितलं. माघ महिन्यात, तीन दिवस कळा देऊन. माहेरचं कोणी जवळ नव्हतं. कागद आला तो अकराव्या दिवशी. त्यात चारच ओळी होत्या.

"तिना तोंडमा पाणी कोनी टाकं?"

"माले माहीत नही, गंगी." जडावबाईने तोंडाला पदर लावला. "कागदमा नव्हतं."

गंगीबाई सरकून तिच्याजवळ गेली आणि तिचं डोकं तिने आपल्या खांद्यावर घेतलं. मग ती रडली, आणि जडावबाईही. बाहेर वाहरूने बैलांना छपराखाली आणलं आणि आतला आवाज ऐकून तो तिथेच, बैलांपाशी उभा राहिला.