गंगूताईंनी सही सोडली

"अर्थव्यवहार हा पुरुषाचा धर्म आहे, आणि तो पुरुषानं प्राण पणाला लावून पाळला पाहिजे," असं व्यंकटरावांनी ओसरीवर उभं राहून जाहीर केलं, आणि लगेच आत तोंड करून विचारलं, "अगं, भाजीवालीला द्यायला वीस रुपये आहेत का?"

आतून वीस रुपये आले. भाषण ऐकायला मात्र कुणी आलं नाही. भाजीवाली तेवढी होती. तिनं "व्हय जी" म्हणत नोट कनवटीला लावली आणि मेथीची जुडी ठेवून निघून गेली.

व्यंकटराव हे कळमनुरीतले निवृत्त हेडक्लार्क. उभी नोकरी त्यांनी लोकांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात घालवली होती. तिथून येताना त्यांनी दोन सवयी घरी आणल्या. प्रसंग कोणताही असो, चार शब्द बोलायचे. आणि कुणाचंही पेन हाती आलं की सही झाल्यावर ते आपल्या खिशाला लावायचं. या दुसऱ्या सवयीत लबाडी अजिबात नव्हती. हात आपला आपण खिशाकडे जाई. त्यामुळे त्यांच्या सदऱ्याला कायम चार पेनं असत आणि घरात दूधवाल्याचा खाडा मांडायला एकही सापडत नसे.

त्या दिवशीच्या भाषणाला कारण होतं. त्यांच्या पत्नीचं, गंगूताईंचं, माहेर सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. भावानं तिथलं शेत विकलं आणि बहिणीचा वाटा तिनं न मागता आणून दिला. त्या भागात याची चर्चा अजून थांबलेली नाही. ते पैसे दोघांच्या नावानं बँकेत ठेवलेले होते आणि ठेवीची मुदत आता संपत आली होती. व्यंकटरावांनी ते आपल्या पुतण्याला, विश्वजीतला, द्यायचं कबूल केलं होतं, तेही चारचौघांत, चहाच्या टपरीवर. विश्वजीत जवळा बाजारला थंड पाण्याच्या जारचा कारखाना काढणार होता. जागा ठरली होती, नाव ठरलं होतं, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं तेही ठरलं होतं. पैसे तेवढे यायचे होते.

अडचण एवढीच, की अर्जावर दोघांच्या सह्या लागणार होत्या. तशी ही अडचण नव्हतीच. लग्न झाल्यापासून व्यंकटराव कागदावर जिथं बोट ठेवीत तिथं गंगूताई सही करीत. आपण आजवर कशाकशावर सह्या केल्या हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर व्यंकटरावांनाही सगळं आठवत नव्हतं.

पण या वेळी गंगूताई ताटात वरण वाढता वाढता म्हणाल्या, "ते पैसे माझ्याजवळच राहू द्या म्हणते मी."

"काहून?"

"मागं रेवती आली तेव्हा पोरीच्या हातावर चार पैसे ठेवायचे तर मला तुमच्या खिशाकडं बघावं लागलं. एकदा तरी कुणाला न विचारता खर्च करून बघावा."

"अगं, शब्द दिलाय मी!"

"शब्द तुम्ही दिलाय ना? मग शब्द न्या. पैसे माझे आहेत."

त्यावर व्यंकटराव हात धुऊन ओसरीवर गेले होते आणि तिथं ते पुरुषाच्या धर्माचं भाषण झालं होतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून रेवतीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, आईच्या नावानं एक पार्सल पाठवलं. आत पुस्तक होतं: 'आपला पैसा, आपली सही'. बँकेतून निवृत्त झालेल्या कुण्या बाईंनी खास बायकांसाठी लिहिलेलं. व्यंकटरावांनी ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही. मात्र घरातला नेम त्यांनी पाळला. घरात कुठलंही पुस्तक आलं की आधी ते देव्हाऱ्यात ठेवायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं, मग वाचायचं, ही शिस्त त्यांनी स्वतः घालून दिलेली होती. तिच्यातून मिक्सरसोबत आलेलं माहितीपत्रकही सुटलं नव्हतं. त्यांनी पुस्तकाला कुंकू लावलं, फूल वाहिलं, डोळे मिटून नमस्कार केला आणि विसरून गेले.

शुक्रवारी दुपारी ते विश्वजीतला आणि अर्जाला घेऊन घरी आले, तर माजघरात आळीतल्या बायका भरलेल्या. चौरंगावर लाल फडकं, त्यावर पोथी, बाजूला समई, उदबत्तीचा वास. गंगूताई पदर घेऊन सुरात वाचत होत्या. व्यंकटरावांनी दारातच चपला काढल्या, हात जोडले, उंबऱ्याशी बसले आणि विश्वजीतलाही शर्ट ओढून खाली बसवलं. या घरात अध्याय चालू असताना कुणी उठत नसे. हाही त्यांचाच दंडक. एकदा पोट बिघडलेल्या मेव्हण्यालासुद्धा त्यांनी अध्याय संपेपर्यंत उठू दिलं नव्हतं. तो मेव्हणा त्यानंतर या घरी आलेला नाही.

"'खात्याला वारस म्हणून ज्याचे नाव लावले आहे,'" गंगूताई वाचत होत्या, "'ते नाव वर्षातून एकदा तपासून पाहावे...'" पाहावेवर त्यांनी सूर असा लांबवला की दोन बायकांनी हात जोडले. व्यंकटरावांनी भक्तिभावानं मान डोलावली. तीनदा डोलावली. चौथ्यांदा मान मध्येच थांबली.

पण उठायची सोय नव्हती. मग मुदत ठेव आली, चक्रवाढ व्याज आलं, सोनं गहाण ठेवताना काय बघावं ते आलं. विश्वजीतच्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी आरती झाली, खोबरं-साखर हातावर पडली, तेव्हा व्यंकटराव कुजबुजले, "हे काय चाललंय?"

"पोथी," गंगूताई म्हणाल्या.

"ही पोथी न्हाई! हे पैशाचं पुस्तक आहे!"

"देव्हाऱ्यात कुणी ठेवलं?"

व्यंकटरावांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"कुंकू कुणी लावलं?"

"काका, तुमीच लावलं आसंल," रूपाबाई म्हणाल्या. रूपाबाई गावाबाहेरच्या तांड्यावर अंगणवाडी चालवत. पोथीला त्या वही आणि निळं पेन घेऊन बसत, आणि काही पटलं की लिहून घेत.

विश्वजीतनं संधी बघून अर्ज पुढं केला. "काकू, इथं एक सही. मी बँकेत जाऊनच राहिलो आत्ता."

गंगूताईंनी हात मागं घेतला. "आता न्हाई बाबा जमायचं. पारायणाचा नेम घेतलाय. सात अध्याय, सात शुक्रवार. नेम घेतला की काहीतरी सोडावं लागतं. रूपाबाईंनी चहा सोडला, शेजारच्या मिनानं मालिका सोडल्या. मी सही सोडली."

"सही सोडली?" व्यंकटराव ओरडले. "सही कुणी सोडतं का?"

"तुम्ही चातुर्मासात वांगं सोडता, तेव्हा मी काही विचारलं?"

व्यंकटरावांनी आजवर शासनाची परिपत्रकं वाकवली होती, नियमांना बगल दिली होती, एकदा तर एका साहेबाची बदली तारखेच्या घोळात अडकवून ठेवली होती. पण नेमापुढं त्यांचं काही चालेना. उद्या हिनं सही केली आणि कारखाना बुडाला, तर नेम मोडला म्हणून बुडाला असं अख्खी आळी म्हणणार. त्यांनी विश्वजीतच्या खांद्यावर हात ठेवला. "सातच शुक्रवार. जातील बघता बघता."

दुसऱ्या शुक्रवारी विश्वजीत आला तेव्हा अर्ज तोच होता, धंदा बदललेला होता.

"हळद पावडर, काका. वसमतची हळद, आपलं पाकीट. लोक वाट बघून राहिले."

"आणि पाण्याचं?"

"पाण्यात आता काही राहिलं न्हाई."

तिसऱ्या शुक्रवारी हळदीतही काही राहिलं नव्हतं. आता ड्रोननं फवारणी करायची होती. चौथ्याला शेळ्या आल्या, त्याही साध्या नाहीत, परराज्यातल्या. अर्जाच्या घड्या फाटायला आल्या, पण विश्वजीतचा उत्साह कोरा करकरीत होता. तो खरंच मनापासून बोलत असे. पाण्याबद्दल बोलताना त्याला तहान लागे आणि शेळ्यांबद्दल बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई.

त्या दिवशी वाचनात नेमका 'उसने मागणाऱ्याला काय विचारावे' हा भाग आला. वाचन संपल्यावर रूपाबाईंनी वहीतून डोकं वर काढलं. "विश्वजीतभाऊ, पोथीत लिवलंय म्हनून इचारते हां, राग नका मानू. धंदा बसला तर काय करनार?"

"दुसरा काढीन."

"आन् त्याला पैसे?"

विश्वजीतनं काकांकडे पाहिलं. मिनानं काकांकडे पाहिलं. मग सगळं माजघर काकांकडे पाहू लागलं. काका वरच्या पंख्याकडे पाहत होते.

"बाई गं," मिना म्हणाली, "शेळ्यांआधीच बोकड सापडला."

हसता हसता कुणाच्या तरी हातातली खोबऱ्याची वाटी सांडली. व्यंकटरावांनी सगळ्यांना पोथीचं गांभीर्य राखायला सांगितलं. आपण या पुस्तकाला पोथी म्हणालो हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक हिशेब घोळू लागला. पहिल्याच शुक्रवारी सही झाली असती, तर सासुरवाडीचं ते शेत आज जवळा बाजारला रिकाम्या जारमध्ये पडलं असतं. किंवा पाकिटात. किंवा उडून गेलं असतं. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. पुढच्या शुक्रवारी ते वेळेआधीच उंबऱ्याशी येऊन बसले आणि मध्येच घसा खाकरून म्हणाले, "ते वारसाचं पुन्हा एकदा वाचा. श्रोत्यांना नीट कळलेलं दिसत नाही."

वाचून झाल्यावर ते उठून गेले आणि त्यांनी आपलं पेन्शनचं पासबुक उघडून बघितलं. वारस म्हणून त्यांच्या आईचं नाव होतं. आई जाऊन इतकी वर्षं झाली होती की पितृपक्षात तिच्या आवडीची खीर आता गंगूताई न सांगता करत असत. म्हणजे उद्या व्यंकटरावांचं काही बरंवाईट झालं असतं, तर पैसे घ्यायला मातोश्रींना यावं लागलं असतं. वारसाचा रकाना कोरा म्हणून ज्यांनी कितीतरी जणांचे अर्ज परत केले होते, ते हेडक्लार्क दुसऱ्या दिवशी बँकेत मान खाली घालून रांगेत उभे राहिले. आईचं नाव गेलं, गंगूताईंचं लागलं. घरी येऊन त्यांनी याबद्दल काही सांगितलं नाही. मेथी मात्र स्वतः निवडून दिली.

सातव्या शुक्रवारी उद्यापन झालं. पुरणाचा वास पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेला होता. विश्वजीत आला, पण हातात अर्ज नव्हता. मोंढ्यातल्या एका धान्याच्या अडतीवर तो कामाला लागला होता. आणि सात शुक्रवार ऐकून ऐकून त्यानं स्वतःच्या नावानं दर महिन्याला पैसे टाकायची ठेवही उघडली होती.

"शाब्बास!" व्यंकटराव म्हणाले. "पहिला हप्ता भरलास?"

"तेच सांगायला आलो, काका. पगार पुढल्या महिन्यात व्हनार आहे."

व्यंकटरावांनी हात खिशात घातला, थांबले, आणि बायकोकडे पाहिलं. गंगूताईंनी डोळ्यांनीच 'पाचशे' म्हटलं. पाचशे गेले.

मग गंगूताईंनी चौरंगावरची पोथी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि तिच्याखालचा एक कागद काढला. रूपाबाईंना सोबत घेऊन त्या बँकेत जाऊन आल्या होत्या. जुनी ठेव बंद करून सगळे पैसे एकट्या गंगूताईंच्या नावानं ठेवायचे, असा तो अर्ज होता. त्यांची सही झालेली होती, आरती झाल्यावरच. सुवाच्य, पूर्ण नावाची. नेम संपला होता.

दुसऱ्या सहीची जागा मोकळी होती. गंगूताईंनी तिथं बोट ठेवलं.

"इथं."

व्यंकटरावांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. चारही पेनं वाळलेली निघाली. रूपाबाईंनी आपलं निळं पेन पुढं केलं. पेन टेकवता टेकवता ते थबकले.

"वाचतो आधी."

"वाचा की," गंगूताई म्हणाल्या. "तेच तर शिकलो आपण."

त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मागची बाजूही वाचली, तिथं काही नव्हतं तरी. जन्मभराच्या सरावानं एक तरी चूक सापडेल अशी त्यांना आशा होती. सापडली नाही. कुणी घाई केली नाही. पुरणपोळ्या गार होत राहिल्या. मग त्यांनी सही केली, झोकदार, खाली दोन रेघा मारून.

सही झाल्यावर त्यांना राहवेना. ते उठून उभे राहिले, सदरा नीट केला आणि सगळ्या माजघरावर नजर फिरवली.

"भगिनींनो! आज या घरात, नव्हे, या तालुक्यात, स्त्रीच्या आर्थिक स्वातंत्र्याचा दिवा लागला. पुरुषानं या बाबतीत मार्गदर्शकाची भूमिका घेतली पाहिजे, असं मी पहिल्यापासून म्हणत आलो आहे. आता येणाऱ्या पिढ्या विचारतील, की ही सुरुवात कुणी..."

"अहो," गंगूताई म्हणाल्या, "ते पेन तेवढं खिशातून काढा. रूपाबाईंचं आहे."