सतरा नंबरच्या बिल्ल्यातले दात

एकाहत्तरच्या लढाईच्या घाईत रत्नाकरची कारखान्याच्या रंगशेडमधून सुटका झाली आणि तो एक्स-रे खोलीत गेला. ओतीव लोखंडाच्या पोटात भेग आहे का, ते किरणांनी पाहायचं काम. छातीवर लावायला बिल्ला मिळाला, नंबर सतरा. त्यात काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म. अंगावर जितकी किरणं पडतील तितकी ती काळवंडणार आणि महिन्याअखेर तपासायला मुंबईला जाणार.

सुटी झाली की बिल्ला खुंटीला टांगायचा, असा नियम. पण नव्याची नवलाई! हा पठ्ठ्या तो मिरवत कांचघर मोहल्ल्यातल्या घरी यायचा. कोणी विचारलं की "किरणांपासून बचाव" म्हणून मोकळा. बिल्ला बचाव वगैरे काही करत नाही, नुसती चहाडी करतो. पण खरं सांगून रुबाब राहतो का कुठे?

सासरे अण्णा त्याच्याकडेच राहत. आकाशातूनही किरणं पडतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं.

"घाबरू नका, अण्णा. वर हवेची रजई आहे, दहा मीटर पाण्याइतकी भारी. बहुतेक किरणं तिथंच अडतात."

"रजई कितीही भारी असो, रत्नाकरराव, पाय उघडे पडतेच."

महिन्याभरानं साहेबांनी बोलावलं. मुंबईहून आलेली सतरा नंबरची फिल्म नको तितकी काळी निघाली होती. "कल से वापस पेंट शेड." तो वास, ते डोकं दुखणं, पुन्हा सगळं तेच!

साहेबांनी फिल्म उजेडात धरली. "और ये दाँत किसके हैं?"

फिल्मवर चार दात होते. ओळीनं, दोन्हीकडे तारेचे आकडे. रत्नाकर ते रोज सकाळी मोरीवरच्या पेल्यात पाहत असे.

घरी अण्णा लगेच कबूल झाले. "तुमच्या सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात माझा छातीचा फोटो होता. किरणांत जायचं, म्हणून तुमचा बिल्ला बंडीच्या खिशात घातला. तिथं म्हणाले, तोंडातली तार काढा. तर दातही त्याच खिशात."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमचा बचाव मी वापरून टाकला ना! लाज वाटून राहिली होती."

रत्नाकरला अण्णांपेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दात रुमालात बांधून कारखान्यात गेले. साहेबांनी ते कोऱ्या फिल्मवर ठेवून किरणं सोडली. तेच चार, तेच आकडे. महिनाभर चारी बाजूंनी किरणं लागली असती तर नुसता काळा फराटा उठला असता. इतके रेखीव दात एकाच क्षणी, दवाखान्यातच उठलेले. बिल्ला घरी नेल्याबद्दल साहेबांनी रत्नाकरला यथेच्छ झापलं, पण एक्स-रे खोली राहिली.

संध्याकाळी तो बिल्ला खुंटीला टांगून घरी आला. सकाळपासून ताकभातावर बसलेल्या अण्णांच्या हातात त्यानं दात ठेवले आणि तुमची फिल्म मुंबईच्या दप्तरात राहणार, असं सांगितलं.

अण्णांनी दात बसवले आणि छान हसून दाखवलं. "वर्षभर असा हसून राहिलो, घरात कोणी पाहिलं नाही. शेवटी सरकारनं पाहिलं!"