अपवादांची वही

पावणेसहाचा गजर वाजण्याआधीच पंचांगकाकांनी तो बंद केला. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. ते गजर लावत ते जागं होण्यासाठी नव्हे, तर आपण अजून त्याच्या आधी उठतो याची खात्री करून घेण्यासाठी. त्यांनी एका कपाचं आधण ठेवलं आणि चहा उकळेपर्यंत शर्टाला इस्त्री केली: कॉलर, पुढची बाजू, मनगटं. पाठ आणि बाह्या तशाच सोडल्या. कार्यालयात अंगातला कोट उतरत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. चहा उभ्यानेच पिऊन झाला. कप विसळून पालथा घातला, खिडकीची कडी लावली, ती लागली की नाही हे पुन्हा ओढून पाहिलं. सात दहाच्या बसमध्ये कंडक्टर जवळ आला तेव्हा ते म्हणाले, "लीग ऑफिस." कंडक्टरला ते ठाऊक होतं, आणि त्याला ते ठाऊक आहे हे काकांनाही ठाऊक होतं. पण तो त्यांचा दिवसातला पहिला शब्द असे, आणि तो उच्चारल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचं कार्यालय चार मजल्यांच्या एका साध्या इमारतीत होतं. तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत, भिंतभर एक फळा होता. त्यावर अठरा आडव्या ओळी, चौतीस उभे रकाने आणि प्रत्येक चौकोनात एक खिळा. खिळ्यांवर कार्डं अडकवलेली: पांढरं म्हणजे घरच्या मैदानावर, निळं म्हणजे बाहेर. अठरा क्लब, चौतीस फेऱ्या, तीनशे सहा सामने. कुणी कधी कुणाशी कुठे खेळायचं हे सत्तावीस वर्षं काका ठरवत आले होते, म्हणून ते पंचांग. समोर 'काका' म्हणणारेही पाठीमागे पंचांगच म्हणत. यंदाचं वेळापत्रक त्यांचं शेवटचं होतं. येत्या शुक्रवारी निरोपसमारंभ होता आणि पुढच्या वर्षीपासून हे काम संगणक करणार होता.

नियम दोनच होते, पण कडक होते. एका शहरातले दोन क्लब एकाच दिवशी घरी खेळवायचे नाहीत, कारण बंदोबस्ताला पोलीस पुरत नाहीत. आणि कुठल्याही क्लबाला सलग तीन सामने बाहेर द्यायचे नाहीत. दुसरा नियम मोडणं अगदीच भाग पडलं, तर अपवादांच्या वहीत क्लबाचं नाव आणि कारण लिहून खाली सही करायची. सत्तावीस वर्षांत त्या वहीची अकरा पानं भरली होती.

साडेनऊला सचिवबाई दारात आल्या. लीगचा सगळा कारभार त्यांच्या हाती होता आणि त्या नेहमी दारातूनच बोलत.

"काका, चार वाजता छापायला जाणार हं. झालंय ना?"

"झालंय. एकदा नजर फिरवतो."

"अपवाद?"

"एक. मिठागरवाले. डिसेंबरात सलग तीन बाहेर."

"मिठागरवाले ना? ते यंदा वरच्या श्रेणीत चढलेत याच आनंदात आहेत अजून. तीन काय, तेरा दिलेत तरी खेळतील. कारण लिहून ठेवा काहीतरी."

त्या गेल्या. काकांनी सतराव्या फेरीच्या रकान्याकडे पाहिलं. डिसेंबरचा तिसरा शनिवार, हिवाळी सुट्टीआधीचा शेवटचा सामना. गिरणीवाले घरी, बंदरवाले बाहेर.

गिरणीवाले म्हणजे याच शहरातला क्लब. बंदरवाल्यांचं गाव इथून बारा तासांवर, आणि काकांची मुलगी बंदरवाल्यांची फिजिओ होती. संघ इकडे आला की ती येई, म्हणजे मोसमातून दोनदा. एकदा गिरणीवाल्यांकडे, एकदा याच शहरातल्या रेल्वेवाल्यांकडे. संघाची बस चारच्या सुमाराला पोचे, मग कुणाचा गुडघा, कुणाची मांडी बांधायची, आणि सामना संपला की बस लगेच परत. आई गेल्यानंतरच्या नऊ वर्षांत बाप-लेकीच्या भेटी स्टेडियमच्या मागच्या दारापाशी, थर्मासातल्या चहावर झाल्या होत्या. मागचं वर्ष मात्र वेगळं होतं. सुट्टीआधीचा शेवटचा सामना इथे आला, संघ इथूनच पांगला आणि मुलगी चार दिवस राहिली. तिने पडदे धुतले, त्यांच्या पाठीच्या दुखण्याला व्यायाम लावून दिला, "बाबा, इस्त्री करताना तुझ्या शर्टाला पाठच नसते वाटतं," म्हणून हसली. ते चार दिवस घरात कुणीतरी दार उघडत होतं, बंद करत होतं. काकांना त्या आवाजांनीच गाढ झोप लागत होती.

योगायोग नव्हता तो. काकांनी एक कार्ड हलवलं होतं. एक कार्ड हललं की चार हलतात, आणि चौथं कुणाच्या तरी मानगुटीवर बसतंच. मोठ्या क्लबाचं हललं तर फोन येतो. लहानाचं हललं तर पत्र येतं, आणि पत्र फाइलला लागतं. म्हणून ते डोंगरवाल्यांच्या, एका लहान क्लबाच्या, मानगुटीवर बसलं. वहीत काकांनी लिहिलं होतं: 'मैदान उपलब्ध नाही.'

परवाच मुलीचा फोन आला होता. "मागच्यासारखं जमून आलं तर काय मज्जा येईल रे बाबा. तू पंचांग ना? काढ की मुहूर्त." आणि काकांनी काढला होता; यंदा चौथं कार्ड मिठागरवाल्यांवर बसलं होतं.

अकराच्या सुमारास शिपायाने डोंगरवाल्यांच्या व्यवस्थापकांना आत आणून सोडलं. साठीचा, उन्हाने रापलेला माणूस, हातात कापडी पिशवी. लीगची रीत होती: वरच्या श्रेणीतून खाली घसरलेल्या क्लबाने जूनमध्ये लीगचा झेंडा स्वतः आणून परत करायचा. काका पोच देत आणि तोच झेंडा वर चढलेल्या क्लबाला जाई.

"बसा. चहा सांगू?"

"आधी चहा, मग झेंडा. एकदा झेंडा दिला की तुम्ही विचाराल, न विचाराल," व्यवस्थापक म्हणाले, आणि स्वतःच हसले.

चहा आला. ते फळ्याकडे बघत राहिले.

"हेच का ते? मला वाटायचं, मोठं मशीनबिशीन असेल." ते उठून फळ्याजवळ गेले. "आमची ओळ पुसली वाटतं."

"त्या जागी मिठागरवाले आलेत."

"हां. जागा कुणासाठी रिकामी राहते?" ते परत येऊन बसले. "एका गुणाने गेलो हो. फक्त एका. डिसेंबरात तीन शनिवार बाहेर होतो, तिथेच कंबरडं मोडलं. आमची बस पाहिली नाहीत तुम्ही. हीटर आहे, पण तो ड्रायव्हरच्या पायाशी. तिसऱ्या खेपेला गोलकीपर ड्रायव्हरला खेटून बसला, नऊ तास, बोटं शेकत. सगळे त्याला विचारत होते, लग्न कधी लावताय दोघं."

काकांनी कप खाली ठेवला. "पत्र पाठवलं होतंत तुम्ही."

"ते अध्यक्षांनी. मी नको म्हणत होतो. म्हटलं, मैदान मिळालं नाही म्हणजे मिळालं नसेल. त्या खोलीत बसलेल्या माणसाने आजवर कुणाच्या ताटाखालचं मांजर होऊन कार्ड हलवलेलं नाही. आपण हरलो ते आपल्या पायांनी हरलो." त्यांनी पिशवीतून झेंडा काढला. स्वच्छ धुतलेला, घडीवर घडी. "हा घ्या. कोपऱ्याची शिवण उसवली होती, आमच्या हिने टाके घातलेत. दोरा जरा वेगळ्या रंगाचा झालाय, माफ करा. आणि मिठागरवाल्यांना एवढं सांगा, वारा असेल तेव्हा आधी वरची दोरी बांधायची, मग खालची. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी झेंडा पळाला, आणि संघाच्या आधी पंच त्याच्यामागे."

काकांनी पोच लिहिली. खाली तारीख घातली. व्यवस्थापकांनी कागद वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला.

"शुक्रवारी निरोप आहे म्हणे तुमचा."

"हो."

"सुटलात. आता शनिवारी आरामात मॅच बघा. घरी कोण कोण असतं?"

"मुलगी आहे. बाहेरगावी."

"येत असेल की अधूनमधून."

"येते."

व्यवस्थापक गेले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. काकांनी झेंडा समोर ओढला. डोंगरवाल्यांनी दोष दिला असता तर त्यांनी उत्तर शोधलं असतं. उत्तरं त्यांच्याजवळ सत्तावीस वर्षांची होती. विश्वासाला द्यायला मात्र काही नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. टाके बारीक, एकसारखे होते. कुणीतरी खिडकीपाशी बसून, दुसऱ्या कुणाच्या तरी मैदानासाठी ते घातले होते.

मग ते उठले, खोलीचं दार लोटलं आणि सतराव्या रकान्यातलं बंदरवाल्यांचं निळं कार्ड काढलं.

दीड तास लागला. डबा तसाच राहिला. चौथं कार्ड कुठेच बसेना, तेव्हा त्यांनी सगळी फेरी उतरवून टेबलावर मांडली आणि पहिल्यापासून लावली. पावणेदोनला मिठागरवाल्यांच्या ओळीत डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पांढरं कार्ड आलं. गिरणीवाले विरुद्ध बंदरवाले हा सामना फेब्रुवारीत गेला, बुधवारी, संध्याकाळी आठला. त्यांनी मुलीला फोन लावला. मागे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"बाबा? या वेळेला? बरा आहेस ना?"

"बरा आहे. वेळापत्रक झालं. सप्टेंबरात रेल्वेवाल्यांकडे येताय तुम्ही, आणि फेब्रुवारीत गिरणीवाल्यांकडे."

"डिसेंबर नाही?"

"नाही. फेब्रुवारीतला बुधवार आहे."

"बुधवारी म्हणजे राहता नाही येणार. शनिवारी परत मॅच."

"हो. पण बस साडेचारला पोचेल. तुझी पट्ट्या बांधायची वेळ साडेपाचला. वीस मिनिटं सामान लावण्यात जातात. मधली चाळीस तुला मोकळी असतात."

"तू मोजलंस?"

"तेच तर काम माझं."

ती हसली, हसणं थोडं लवकर संपलं. "बरं. पाठीचे व्यायाम करतोस ना?"

"करतो."

"खोटं बोलू नकोस. चल, बोलावतायत मला."

तीनला सचिवबाई पुन्हा दारात आल्या. काकांनी कागद दिले. त्यांनी शेवटचं पान आधी उलटलं.

"अपवाद काहीच नाही? सकाळी एक होता ना?"

"सुटला तो."

"बघा, म्हणून मी म्हणते, संगणकाला हे जमायचं नाही," असं म्हणत त्या निघून गेल्या.

काकांनी कपाटातून अपवादांची वही काढली आणि मागच्या वर्षाचं पान उघडलं. 'मैदान उपलब्ध नाही' यावर पट्टी ठेवून त्यांनी एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. त्याखाली, नेहमीच्या गोल अक्षरात, लिहिलं: 'मैदान उपलब्ध होतं. बदल मी स्वतःच्या सोयीसाठी केला. मुलगी भेटावी म्हणून. डोंगरवाल्यांना कळवावे.' आजची तारीख घातली, सही केली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

सचिवबाई छापखान्याच्या माणसाशी खाली बोलत होत्या. त्यांची खोली रिकामी होती. काकांनी वही टेबलाच्या मधोमध ठेवली, पान उलटू नये म्हणून त्यावर काचेचं वजन ठेवलं, आणि पंखा बंद करून बाहेर आले.