निराहार कोंबडीचं व्रत

आनंद नगरच्या मागच्या मैदानात रविवारी सकाळी चपला ठेवायला जागा उरत नसे. एरवी अंगणात कोंबडीचं पीस पडलं तरी फरशी धुऊन काढणारी आमची मंडळी एका पांढऱ्या कोंबडीसमोर हात जोडून रांगेत उभी असत. तिच्या पायात चांदीचं वाळं, पाठीवर लाल चुनरी, पुढ्यात दाण्यांनी भरलेलं सपाट ताट. ती मान खाली घाली, चोच ताटाला टेकवी, पुन्हा वर बघे. दाणे जागच्या जागी.

"तीन महीने से निराहार," तिला घेऊन आलेले साधुबाबा माइकवर सांगत. "माई अन्न को प्रणाम करती हैं, छूती नहीं. आप सबके पाप माई के पेट में जल रहे हैं." एवढं बोलून घसा सुकला की बाबा पेढा तोंडात टाकत.

मीही गेलो होतो, खोटं कशाला सांगू. तिथे मृदंग होता, पेटी होती, आणि कीर्तन म्हटलं की माझे पाय आपोआप वळतात. कारखान्यातली चौतीस वर्षं माझी प्रत्येक एकादशी कीर्तनाच्या सतरंजीवर गेली. कमलिनीला, माझ्या बायकोला, तिथे पहिल्यांदा नेलं ते मीच.

तिला बारा वर्षांपासून मधुमेह. बाबांनी सांगितलं, माईबरोबर एकवीस दिवस नुसत्या पाण्यावर राहा, गोळ्या सोडा, शुगर मुळासकट जाईल. आठव्या दिवशी ती ओट्यापाशी कोसळली. शुद्धीवर आल्यावर मी गोळी पुढे केली तर तिने हात बाजूला सारला.

"एवढीशी कोंबडी तीन महिने राहते. मला एकवीस दिवस जड आहेत का हो?"

मी गोळी परत डबीत ठेवली. मग शेजारच्या मंजूषाकडे गेलो. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि क्वार्टरच्या मागे पोल्ट्रीवाल्यांनी टाकून दिलेल्या कोंबड्या पाळते: एक लंगडी, एक आंधळी, एक वाकड्या चोचीची.

"लोक विचारतात, असल्यांना जगवून काय मिळतं," ती म्हणाली. "मी रोज एवढंच बघते, पोटभर खाल्लं का, धुळीत लोळली का. आंधळी तर सगळ्यांत जास्त लोळते, काका."

"आणि एखादी खाईनाशी झाली तर?"

"मागच्या वर्षी झाली. सगळे उपाय करून पाहिले, मग डॉक्टरांकडून कायमची झोपवली. जगवायचं म्हणून नुसतं हाल करत ठेवायचं नसतं." मी माईचं आणि कमलिनीचं सगळं सांगितलं, तशी ती म्हणाली, "उद्या रविवार ना? मला घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी तिने एका खोल वाटीत भिजवलेला दलिया आणला. तो बघताच बाबांनी माइक बाजूला केला.

"बेटी, माई थाली के सिवा कुछ नहीं देखतीं."

"मग खाणार नाही. तुम्ही का घाबरता?"

रांगेत कुणीतरी हसलं. बाबांनी आवाज चढवला, "व्रत टूटा तो पाप किसके सिर?"

"माझ्या." पुढच्या रांगेत बसलेली कमलिनी खांबाला धरून उठली. "मी नऊ दिवस जेवलेली नाही. आण ती वाटी, मंजूषा. माईने तोंड लावलं नाही तर तू सगळ्यांसमोर माफी मागायची."

"मागेन, काकू."

नऊ दिवसांच्या उपाशी बाईला अडवणार कोण? तिने वाटी माईच्या चोचीपुढे धरली. कोंबडीने डोळ्यांपर्यंत तोंड आत खुपसलं आणि मान वाकडी करकरून ओरपायला लागली. मृदंग थांबला. वाटीचा तळ खरवडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

"माई प्रसन्न हुईं," बाबांनी सावरलं. "व्रत पूरा हुआ."

मंजूषाने कोंबडी उचलून सर्वांसमोर धरली. चोचीचा वरचा भाग डावीकडे, खालचा उजवीकडे, कात्रीच्या पात्यांसारखा. "हिला सपाट ताटातला दाणा उचलताच येत नाही. ती नमस्कार करत नव्हती, खायला धडपडत होती. आणि तीन महिने उपाशी कोणतीच कोंबडी जगत नाही."

कमलिनी सरळ बाबांच्या मागच्या पडद्याआड गेली. तिथे टोपलीत आणखी दोन पांढऱ्या कोंबड्या होत्या, तशाच वाकड्या चोचींच्या, आणि शेजारी पोत्यात एक मेलेली. पुढे पोलिसांसमोर बाबांनी कबूल केलं. पोल्ट्रीतून फेकलेल्या अशा कोंबड्या आणायच्या, गुळाच्या पाण्यावर पंधरा-वीस दिवस ओढायच्या, मेली की वाळं दुसरीच्या पायात.

टोपलीतल्या दोघी आता मंजूषाकडे खोल वाटीत जेवतात. पहिलीचं मात्र शरीर आतून संपलं होतं. कमलिनी तीन दिवस नुसत्या पेजेवर तिच्याजवळ बसून राहिली. तिसऱ्या संध्याकाळी कोंबडीला उभं राहवेना, आणि वाटी पुढे केली की ती मान फिरवू लागली.

"काकू, आता तिला खरंच नकोय," मंजूषा म्हणाली.

कमलिनीने बराच वेळ कोंबडीच्या छातीच्या वर आलेल्या हाडावरून बोट फिरवलं. "डॉक्टरांना बोलव," ती म्हणाली. इंजेक्शन दिलं तेव्हा कोंबडी तिच्या मांडीवर होती. घरी येऊन कमलिनीने मऊ भात खाल्ला आणि कुणी न सांगता गोळी घेतली.

मी आजही कीर्तनाला जातो, जाईन. भुकेल्यात देव बघा, असं बुवा जन्मभर सांगत आले, आणि आम्ही एका भुकेलीला देव करून तिच्यापुढे पेढे खाल्ले. देवावर श्रद्धा ठेवताना डोळे मिटावेत, माझी हरकत नाही. पण समोरचा जीव जेवत नाही असं कुणी सांगितलं, तर आधी त्याचं तोंड उघडून बघा. हात नंतरही जोडता येतात.